कोल्हापुरात न खपलेल्या रेकॉर्डी

त्या संध्याकाळी आम्ही फणस फोडला होता. बायको हाताला तेल चोळून गरे सोडवत होती, मी आठळ्या बाजूला करत होतो. रशियन रेकॉर्ड संपली आणि सुई आतल्या आत फिरत राहिली.

"अहो, उठा की. सुई झिजतेय."

"तू ऊठ."

"माझे हात चिकाचे."

"माझे काय लोण्याचे आहेत?"

शेवटी रॉकेलने हात पुसून मीच उठलो. रात्री पेज जेवलो, झोपलो. पहाटे ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेली. एवढंच झालं.

आता या रशियनांचं सांगतो. मी होड्या बांधणारा सुतार. शाळा चौथी, तीही धड नाही. मुलाने मुंबईत टेपरेकॉर्डर घेतला आणि जुना रेकॉर्डप्लेअर आमच्या गळ्यात मारला. त्याच वर्षी रत्नागिरीत एका शाळेत रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागलं. नातवाला चित्रांची पुस्तकं घ्यायला आम्ही गेलो, तर कोपऱ्यात रेकॉर्डी, पुस्तकांहून स्वस्त. विकणारा खरं बोलणारा निघाला. म्हणाला, "आजोबा, मागचं प्रदर्शन कोल्हापुरात होतं, नावाजलेल्या लोकांच्या तिथेच खपल्या. या उरल्या त्या मागच्या बाकावरच्यांच्या. त्यांना तिकडेसुद्धा फारसं कोणी विचारत नाही. गाणं नाही, नुसता पियानो."

मी मागे फिरलो. ही म्हणाली, "कोणी विचारत नाही म्हणून वाईट असतील कशावरून? तुम्हाला तरी कोण विचारतो?"

घेतल्या.

पियानो मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. आत तारा असतात आणि त्यांवर लाकडी हातोड्या पडतात, असं कोणीतरी सांगितलं, तेव्हा मला जरा धीर आला. हातोडी मला कळते. सुरुवातीला सगळ्या रेकॉर्डी सारख्याच वाटायच्या, पत्र्यावर आठळ्या ओतल्यासारख्या. मग एकदा लक्षात आलं की डावा हात वेगळं काम करतोय आणि उजवा वेगळं. डावा फळी धरून ठेवतो, उजवा तासतो. एवढं कळल्यावर माणसं वेगवेगळी दिसायला लागली.

कव्हरवरची नावं त्यांच्या अक्षरांत. ती आम्हाला कोण वाचून देणार? मग हिनेच नावं ठेवली. ज्याचा डावा हात एकसारखा वल्हं मारतो तो तांडेल. दोन्ही हात एकमेकांवर ओरडतात तो भांडकुदळ. आणि एक होती ती बोलायला सुरुवात करते, थांबते, परत पहिल्यापासून सुरू करते. ती सासुरवाशीण. मी म्हटलं, "बनवणारा पुरुष असेल गो." ती म्हणाली, "असू दे. त्याने बघितलंय कोणाला तरी."

ती गेली आणि देवरूखहून माझी मोठी बहीण आली. अक्काने घर ताब्यात घेतलं. आमच्यात माणूस गेलं की तांदळाचं पीठ पसरून त्यावर दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात. तेराव्यापर्यंत तो विझू द्यायचा नाही, मग पिठात कसलं पाऊल उमटलं ते बघायचं, त्यावरून पुढचा जन्म कळतो म्हणतात. दिवा जमिनीवर ठेवायचा, पण आमच्या कोंबड्या माजघरात फिरतात, पीठ टिपतील. म्हणून अक्काने तो ठेवला खोक्यावर. ते खोकं मी फणसाच्या लाकडाचं केलेलं. झाकणाखाली प्लेअर, त्याखाली रेकॉर्डी. सगळं दिव्याखाली अडकलं.

मीही अडकलो. सुतकात जायचं कुठे? भिंतीला टेकून बसायचं. माणसं यायची, समोर बसायची, उसासे टाकायची.

"जाणारी गेली रे."

"ते मला पण दिसतंय," मी म्हणायचो. मग अक्का आतून खाकरायची.

मला एकच पाहिजे होतं, सासुरवाशीण एकदा ऐकायची. सूर आठवला की ही समोर बसलेली दिसायची, तेलकट हात गुडघ्यावर ठेवून. पण तो सूर पुसत चालला होता. सुरुवात यायची, पुढे तांडेलाचं वल्हं घुसायचं. भिंतीला टेकून मी बोटांनी गुडघ्यावर वाजवायचो. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा थरथरतो.

तेरावा झाला. अक्काने टोपली उचलून पीठ निरखलं. "पाखराचं पाऊल आहे," म्हणाली. मला काही दिसलं नाही. तिने दिवा हलवला आणि मी झाकणाला हात घातला.

"मेल्या, काय करतोस? वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात वाजप नाय."

"वर्षभर?"

"लोक म्हणतील, बायको गेली नि हा बाजा लावून बसला."

"बाजा नाही तो."

"मग काय आरती आहे?"

मुंबईहून आलेला मुलगा म्हणाला, "आत्या म्हणते ते बरोबर आहे, बाबा. एक वर्ष काय, असं जाईल."

"माझ्या वयाला वर्ष जात नाही, माणूस जातो," मी म्हटलं. अक्काने पुसून घेतलेल्या झाकणावर तांब्याची कळशी आणून ठेवली, पाण्याने भरलेली. रात्रभर मी त्या सुराची सुरुवात धरून पडलो होतो. सकाळी तीसुद्धा नीट येईना.

अक्का विहिरीवर गेली तेव्हा मी कळशी खाली ठेवली. प्लेअर बाहेर काढला, रेकॉर्डी जुन्या धोतरात बांधल्या आणि पायरी उतरलो. अक्का समोरून आली.

"कुठे चाललास ते घेऊन?"

"घरात नको म्हणालीस ना."

खाडीवरच्या ज्या मांडवात मी होड्या बांधल्या, तिथे आता दुसरा सुतार आहे. तो मशीनने भोकं पाडत होता. मी जाऊन मशीनची पिन उपटली आणि माझी घातली.

"आजोबा, काम खोळंबलं माझं."

"एक बाजूभर थांब."

"हे कसलं लग्नाचं?"

"रशियन आहे."

धोतराच्या सोग्याने रेकॉर्ड पुसली, भुसा फुंकला, सुई ठेवली आणि फळीवर बसलो. ती बोलायला लागली, थांबली, परत पहिल्यापासून सुरू झाली. सुतार बिडी पेटवून माझ्याकडे बघत उभा राहिला. बाजू संपली. त्याने पिनेला हात घातला नाही, म्हणून मी रेकॉर्ड उलटी करून घातली.