न खोकणारा म्हातारा

आमच्या घरात आजोबा, वडील, थोरला भाऊ, सगळेच नट. नायक भाऊच व्हायचा. मला बाविसाव्या वर्षी नाटकात त्याच्या बापाचं काम मिळालं, आणि पुढे नाशिकमध्ये कुणालाही म्हातारा हवा असला की मलाच बोलावणं यायचं. आमचं नाटक वडील बसवायचे. तालमीत ते ओरडायचे, "अरे, जरा वाक, खोक." मी खोकलो नाही. म्हातारा म्हणजे काय नुसता खोकला असतो?

अंबडला कारखान्यात पहिली पाळी करून मी पंचवटीच्या भाजीबाजारात जाऊन बसायचो. तिथले म्हातारे खोकत नव्हते. उठण्याआधी हात टेकायला जागा शोधायचे, तेही कुणाला कळू न देता. मी तेवढंच उचललं.

वडील म्हणाले, "शेवटच्या रांगेला दिसणार नाही."

"दिसेल," मी म्हटलं.

दोन हजार सालानंतर मालिकांतून कामं येऊ लागली, तरी त्यांनी कधी बरं म्हटलं नाही.

मग ते थकले. एका सकाळी उठताना त्यांचा हात हळूच पलंगाच्या कडेकडे सरकला. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. हात तिथेच ठेवून ते म्हणाले, "नीट बघून घे. आणि खोकलो नाही, तेही बघ."