आहेरातली गाडी

यिंग शिगेन हातोडी घेऊनच जन्माला आला असावा, असं चीनमधल्या ताईझोऊच्या कारखान्यात सगळे म्हणत. धाकट्या भावाच्या, शिहाईच्या डोक्यात मोटारी बनवायचं खूळ शिरलं, तेव्हा पहिल्या गाडीचा पत्रा शिगेननेच ठोकून काढला होता. आता शिहाईचे तीन खंडांत कारखाने होते. युरोपातली एक नावाजलेली कंपनीही त्याने यंदा विकत घेतली होती. थोरल्याचा हात मात्र अजून पत्र्यावरच.

त्या कंपनीचे इंजिनिअर आले आणि त्यांनी आवारात एक जाडजूड भिंत बांधली. इथे बनलेली गाडी तिच्यावर आदळून बघायची, म्हणे! शिगेनला हसू आवरेना.

"आधी त्या भिंतीला टेकू लावा रे," तो म्हणाला. त्याने गाडीच्या नाकावर लाल रेशमी फूल बांधलं, फटाक्यांची माळ टांगली. शुभकार्याला एवढं तरी हवंच ना!

गाडी सुटली. धाडकन आवाज झाला आणि शिगेनच्या तोंडचं पाणी पळालं. पत्र्याचा पापडासारखा चुरा झाला होता. माणसाच्या जागी आत बसवलेल्या पुतळ्याच्या छातीत स्टिअरिंग घुसलं होतं. फटाके पेटवायला कुणीच पुढे झालं नाही.

अगदी अशीच गाडी त्याची लेक जिनये चालवत होती. वसंतात तिच्या लग्नात काकानेच आहेर म्हणून दिलेली. तिला दिवस गेले होते आणि आत्ता ती माहेरी जेवायला निघाली होती.

त्याने फोन लावला. "कुठे आहेस?"

"हायवेवर. ओरडता काय, बाबा? आई पोळ्यांत सारण भरतेय ना? पोटात कावळे ओरडताहेत."

"गाडी कडेला घे. उतर. मी येतो न्यायला."

"अहो, छान चाललीय! तुमच्याच हातची ना?"

"उतर म्हणतो ना, पोरी!"

फोन ठेवून तो वळला. शिहाईच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतंच.

"तुला ठाऊक होतं?"

"मागच्या हिवाळ्यात तिकडे त्यांनी आपल्या इथली गाडी अशीच आदळून दाखवली, दादा. म्हणून तर ती कंपनी घेतली. शिकायचं होतं."

"मग वसंतात माझ्या पोरीला हीच का दिलीस?"

"सगळं गाव लग्नाला होतं. मालकानेच पुतणीला परदेशी गाडी दिली असती, तर आपली कोण घेणार होतं?"

सख्खा भाऊ, आणि त्याने जाणूनबुजून हे केलं!

शिहाईने खालमानेने स्वतःच्या गाडीची किल्ली पुढे केली. "हिच्यातून आण तिला. ही त्यांच्याकडे बनलेली आहे."

ती किल्ली त्याच्या तोंडावर फेकावी, असं शिगेनला वाटलं. पण त्याने ती घेतली. आवारात शेकडो कोऱ्या गाड्या उभ्या होत्या आणि लेकीला बसवावी अशी ही एकच होती.