मोटारीची किल्ली आधी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही. तिच्या दुरुस्तीत काही खोट नव्हती. खोट माझ्या तपासणीत होती, आणि ते मला लवकरच कळलंही होतं.

तिचं नाव लिहीत नाही. ऑफिसात काही अडलं की ती खुर्ची मागे सरकवायची आणि कणीक मळताना दाराची बेल वाजावी तसे दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून हवेत धरायची. मग विचारायची, "कोण कुणासाठी थांबलंय?" उत्तर सापडलं की हात खाली, आणि आमच्याकडे वळून, "मी सांगितलं होतं."

हे ती साहेबांनाही म्हणायची. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. ती बरोबर असतात, आणि तेवढं त्यांना पुरत नाही.

आमचं ऑफिस लोअर परळला, एका बंद गिरणीच्या आवारात. इंटरनेटच्या राउटरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, कर्नेल, त्यावर आमचं काम. त्यात एक शेड्युलर असतो. डेटाचं कुठलं पॅकेट आधी सोडायचं, कुठलं थांबवायचं, हे तो ठरवतो. मी दादरचा, पुस्तकं वाचून शिकलेला, तिला सीनियर. मी दिवसभर वाचून जिथे पोचायचो तिथे ती चहाचा कप हातात घेऊन पोचायची. तिची मेल आली की मी आधी तिच्या इंग्रजीतल्या चुका शोधायचो. सापडायच्या. तेवढ्यावर माझी दुपार बरी जायची.

एका राउटरचं दुखणं माझ्या गळ्यात होतं. डेटा वाहत असताना कुणी वेगाची सेटिंग बदलली की मशीन मधेच गोठायचं. कितीतरी दिवस झटून मी साहेबांना सांगितलं, हार्डवेअरच कच्चं आहे. तिने माझ्या खांद्यावरून पाहिलं. हात वर गेले.

"जेवायला घरी चल," म्हणाली. "तिथे दाखवते."

घर डिलाईल रोडच्या चाळीत. दार तिच्या वडिलांनी उघडलं. जिन्याजवळ भिंतीवर दोन खिळे होते, त्यांवर दोन किल्ल्या. तिने त्या दाखवल्या.

"ही पाण्याच्या मोटारीची, ही गच्चीची. टाकीचं काही करायचं तर दोन्ही लागतात. एकदा खालचे काका मोटारीची घेऊन बसले, वरची मावशी गच्चीची. दोघंही आपापल्या दारात, समोरचा आणून देईल म्हणून. चाळीला पाणी नाही."

"मग?"

"मग नियम झाला. मोटारीची आधी. ती मिळाली नाही तर गच्चीच्या किल्लीला हात लावायचा नाही. तुझ्या कर्नेलमध्ये तेच झालंय. सेटिंग बदलणारा कोड एक कुलूप धरून दुसऱ्यासाठी थांबतो, पॅकेट पाठवणारा दुसरं धरून पहिल्यासाठी. दोघांनी एकाच क्रमाने घ्यायला हवीत. झालं."

वडील आतून म्हणाले, "हिच्या नादाक लागू नको रे, आधी जेवून घे."

मी जेवलो. दुखणं माझं, आणि औषध तिच्या जिन्यात टांगलेलं.

तिने छोटासा पॅच, म्हणजे कोडाची दुरुस्ती, लिहिला आणि कर्नेल सांभाळणाऱ्या जगभरच्या मंडळींच्या मेलिंग लिस्टवर पाठवला. तिथली एक रीत आहे. दुसऱ्या कुणी आपल्या मशीनवर तो चालवून पाहिला, की खाली आपल्या नावाने एक ओळ लिहायची: मी तपासलं. गोठणारा राउटर माझ्याच टेबलावर होता, म्हणून ती ओळ मी लिहायची होती.

मी पॅच घातलेला नवा कर्नेल चढवला, सेटिंग बदलली, मशीन गोठलं. मी लिस्टवर लिहिलं, पॅच लावूनही अडकतंय. लिहिताना मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

काही दिवसांनी त्या राउटरवर दुसरंच काम करताना स्क्रीनवरचा व्हर्जन नंबर दिसला. जुना. नवा कर्नेल मी चढवला होता, पण सुरू होताना मशीन जुनाच उचलत होतं. तिचा पॅच चाललाच नव्हता. मी नवा निवडला आणि संध्याकाळपर्यंत सेटिंग बदलत राहिलो. एकदाही गोठलं नाही. मी राउटर बंद केला आणि घरी गेलो.

ती अजून स्वतःची चूक शोधतच होती. एक पॅच, मग दुसरा, प्रत्येक आधीच्याहून लांब आणि वाईट. लिस्टवरची उत्तरं तुटक होत गेली. एकदा ती माझ्या टेबलापाशी आली.

"रागावू नकोस. तेव्हा नवाच कर्नेल चालू होता ना रे?"

"एवढं कळतं मला."

"तसं नाही रे म्हणायचं मला," ती म्हणाली, आणि ओशाळली. त्या बाईला ओशाळताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर "मी सांगितलं होतं" ऐकू आलं नाही. हात वर जायचे, पण प्रश्न यायचा नाही.

पुढे परदेशातल्या कुणीतरी तोच बदल पाठवला. तो घेतला गेला, त्याच्या नावावर. तिने मला दाखवला. "हे माझं पहिलंच होतं ना?"

"थोडं वेगळं आहे," मी म्हणालो. तिने मान हलवली.

मग तिने नवी मुंबईत सर्व्हर सांभाळायची नोकरी धरली. निरोपाच्या चहाला साहेबांनी तिला चार शब्द बोलायला लावलं. ती म्हणाली, "कर्नेलचं काम माझ्या आवाक्यातलं नव्हतं. हा होता म्हणून माझी चूक वेळेत कळली." बोट माझ्याकडे होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

चाळ आता पाडली आहे, तिचे आईवडील डोंबिवलीला असतात म्हणे. तिचा पहिला पॅच मात्र लिस्टवर आहे, कुणीही उघडून पाहावा. त्याखाली शेवटचं वाक्य माझंच आहे: अडकतंय.

मी तपासलं, पहिलाच पॅच बरोबर होता. माझ्या नावाची ही एक ओळ मी तिला देणं लागतो.