बिनब्रेकची लॉरी आम्ही दोरावर उतरवली

…आणि वर शेठ विचारतो, लॉरीला उशीर का झाला! माणसं जिवंत आली का, हे नाही विचारलं. आमच्या टोपल्या खाली उतरायच्या आत म्हणाला, "गणपत, तुझी आजची मजुरी कापली."

गणपत माझा धाकटा भाऊ. आमच्या कोळीवाड्यातला पहिला लॉरी ड्रायव्हर. आई गेली तेव्हा हा रांगत होता, मी वाढवलाय त्याला. मी शाळेत दुसरीपर्यंतच गेले, अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या. हा कागद बंदरावरच्या भिंतीला लावतेय… वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

परवा बोर्लीचा बाजार होता. आम्ही बायका सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन श्रीवर्धनला शेठच्या वखारीपाशी उजाडताच हजर. गणाने लॉरी पुसून, पाणी घालून तयार ठेवलेली. पण शेठची सुपारी अजून पोत्यांत भरायची होती… मग बसा.

हे रोजचंच आहे. कधी सुपारीसाठी बसा, कधी आगबोटीच्या मालासाठी बसा. त्या बसण्याची दमडी मिळत नाही. शेठचं म्हणणं, बसायचा कसला पगार? अहो, तो काय घरी झोपाळ्यावर बसलेला असतो? लॉरी सोडून चार पावलं जायची त्याला मुभा नाही.

आणि लॉरी तरी कशी… टायर फाटला की आत पेंढा भरून चालवायची. लॉरी चालू करायचं हँडल उलटं फिरतं, गेल्या शिमग्याला गणाचं मनगट सुजून भोपळा झालं होतं. ब्रेकच्या पट्ट्या झिजल्यात, हे तर तो पावसाळ्याआधीपासून सांगतोय. शेठचं उत्तर ठरलेलं. "गियर टाकून उतरव."

तर ऊन चढल्यावर सुपारी भरली आणि आम्ही निघालो. चढ कसाबसा चढली. वर पोचल्यावर गणाने उताराच्या तोंडाशी लॉरी उभी केली, खाली उतरून चाकांना दगड लावले. तोंड उतरलेलं होतं त्याचं.

"बाय, तुम्ही सगळ्या उतरा. ब्रेक पार गेलाय, गियर बी सुटतोय. तुम्ही चालत या, मी बघतो."

"काय बघतोस? दरी?" मी म्हटलं.

"माल पोचवला न्हाय तर नोकरी जाईल गं."

आम्ही उतरलो. पण पाय पुढे जाईना. खाली वळण, वळणाच्या पलीकडे काही नाही… आणि हा परत आत स्टिअरिंगवर जाऊन बसलेला.

टोपल्या बांधायला आम्ही होडीच्या नांगराचा जुना दोर आणतो. काथ्याचा, मनगटाएवढा जाड. आमची काशीकाकी त्या दोराकडे बघत कमरेला पदर खोचून म्हणाली, "होडी उतरवतो तशी उतरवू की. माझा नवरा ताडी पिऊन आला का अशीच घरात घेते त्याला, मागनं धरून!"

गणासुद्धा हसला. मग ठरलं.

दोराचं एक टोक लॉरीच्या मागे बांधलं. झाडाच्या बुंध्याला दोन वेढे घातले आणि उरलेला दोर आम्ही सगळ्यांनी धरला. काकी पुढे उभी राहून हाळी द्यायची. "सोऽऽड… धर! सोऽऽड… धर!" लॉरी वीतभर सरकायची, थांबायची. दोर संपला की चाकाखाली दगड, आणि दोर सोडून पुढच्या झाडाला.

एकदा वळणावर दोर हातातून सर्रकन गेला. तळव्यांची सालटी निघाली… पण एकीने सोडला नाही. आत माझा भाऊ होता आणि धरणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. गणाने एकदाही मागे वळून बघितलं नाही. नंतर मला म्हणाला, "बघायचं कशाला? दोर तुमच्या हातात होता ना."

सुपारीचं एक पोतं फाटलं नाही, मासळीची एक टोपली कलंडली नाही. आयुष्यात खूप होड्या ओढल्या, पण इतकी ताठ मान माझी कधी झाली नव्हती.

आणि खाली बोर्लीला शेठच्या पेढीवर काय ऐकलं, ते वर लिहिलंच आहे. मी शेठपुढे हात धरले. म्हटलं, "तुमचा माल या हातांनी उतरवलाय."

"दोर धरायला मी सांगितलं होतं का?" शेठ म्हणाला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गणा बोलला. जन्मात कुणाला उलटून न बोललेला माझा गणा. "शेठ, मजुरी कापा. पण नवे ब्रेक लागल्याबिगर मी हिला हात लावणार न्हाय. आन् बसवून ठेवलं तर बसल्याची मजुरी घेणार."

एवढं बोलून बायकांच्या टोपल्या बाजारात पोचवायला लागला. स्वतःच्या खांद्यावरून. मला भरून आलं, पण रडले नाही, बाजार उठायची वेळ झाली होती.

आता शेठ दुसरा ड्रायव्हर शोधतोय म्हणे. शोधू दे. श्रीवर्धनपासून बोर्लीपर्यंतच्या ड्रायव्हर लोकांनो, त्या स्टिअरिंगवर बसायच्या आधी तुमच्या बहिणीला विचारा.

आणि शेठ, हे तुमच्यासाठी. ब्रेक कधी घालणार आणि थांबल्या वेळेची मजुरी देणार की नाही, ते मंगळवारी दिवेलागणीच्या आत सांगा. नाहीतर बुधवारपासून कोळीवाड्याची एक टोपली तुमच्या लॉरीत चढणार नाही, आमच्या होड्या आहेत. निरोप्या पाठवू नका. स्वतः या, आणि त्या उतारावरून चालत या.