गरम पाण्याचा तगादा

हफिजाला भांडायची हौस आहे, असं आमच्या कॅम्पच्या ऑफिसात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. एसीत बसून फाइलींना हवा घालणाऱ्यांना भांडण कशासाठी करावं लागतं हे कुठून कळणार?

मी प्रभा, कामगारांच्या कॅम्पवरच्या दवाखान्यातली लॅब टेक्निशियन. हफिजा तिथली नर्स, मूळची दाभोळची. आम्ही दोघी कुवेतमध्ये, महबूल्यात एकाच इमारतीत राहतो आणि कंपनीच्या बसने रोज जहराच्याही पुढे, उजाड वाळवंटात जातो. तिथे नवी वसाहत बांधायचं काम चाललंय आणि कामगार बहुतेक चिनी. सेंट्रिंग, वेल्डिंग करणारे, बरेचसे पन्नाशीला टेकलेले बाप्ये. घरी बायकापोरं ठेवून आलेले, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेले. दवाखान्याच्या दारावर 'आरोग्यजागृती केंद्र' अशी पाटी आहे. जाग कोणाला आणायची, हे मात्र पाटीवर लिहिलेलं नाही.

कॅम्पचा मॅनेजर अभिजीत, नाशिकचा. आपला माणूस म्हणून सुरुवातीला आम्हाला किती बरं वाटलं होतं! जूनमध्ये अग्निसुरक्षेची तपासणी होणार म्हणून या आपल्या माणसाने खोल्याखोल्यांतून इलेक्ट्रिक केटल्या जप्त केल्या. आगीची भीती खोटी नव्हती. एकेका प्लगला दोन-दोन केटल्या लटकलेल्या असायच्या. हफिजासुद्धा म्हणाली, हे एक बरं केलं. पण केटल्या गेल्या आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही.

मग जुलैत हेड ऑफिसातून आरोग्य सप्ताह येऊन धडकला. बॅनर आले, टोप्या आल्या, आणि साइटवर बर्फाच्या पाण्याच्या मोठमोठ्या निळ्या टाक्या आल्या. त्या उन्हात हफिजा स्वतः टाकीपाशी उभी राहायची. मोबाइलवरून चिनी भाषेत ऐकवायची, पाणी प्या, लाजू नका, भरपूर प्या. माणसं मान डोलवायची, ग्लास हातात घ्यायची, ओठ ओले करायची आणि पाठ फिरली की उरलेलं वाळूत ओतायची. बसमध्ये हफिजा माझ्यावरच डाफरली.

"प्रभाताई, यांना मरायचं हाय काय? अमृतासारखं गार पाणी देतंय नि हे ओततात! कोणासाठी घसा फोडायचा?"

तिला उत्तर मिळालं ते गाओकडून. गाओ हा वेल्डर, त्या सगळ्यांत वडीलधारा. हफिजा त्याला गाओचाचा म्हणायची आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. पाय वळतात, कंबर भरून येते म्हणून तो दवाखान्यात आला. त्याची लघवी माझ्याकडे तपासायला आली. कोऱ्या चहाचा रंग. रक्त घेतलं तर किडनीवर ताण आलेला दिसत होता. डॉक्टरांनी चार दिवस सुट्टी लिहून दिली आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं.

हफिजा त्याच्यावर तुटून पडली. "चाचा, पाणी का नाय पित?" गाओने आपला स्टीलचा थर्मास काढला, झाकण उघडलं आणि उलटा धरला. थेंब पडला नाही. मग मोबाइलमध्ये तो शांतपणे बोलला आणि मोबाइलने आम्हाला सांगितलं: बर्फाच्या पाण्याने पोटात कळ येते. न उकळलेलं पाणी आम्ही लहानपणापासून पीत नाही. केटली होती तेव्हा रोज दोन थर्मास प्यायचो.

हफिजा खुर्चीवर बसलीच. "इतके दिवस मी काय यांना विष पाजत होतंय?" एवढंच म्हणाली, आणि उठून तडक ऑफिसात गेली. मी मागोमाग.

अभिजीत टेबलाशी बसून कोमट पाण्यात लिंबू-मध घालून पीत होता. रोज सकाळी पितो. आईने लावलेली सवय म्हणे, फ्रीजच्या पाण्याने त्याचा घसा धरतो.

"सर, मेसमध्ये एक मोठा बॉयलर बसवा," हफिजा म्हणाली. "उकळलेलं पाणी मिळालं की माणसं पितील. गाओची किडनी आत्ताच कुरकुरतेय."

"सिस्टर, बाहेर पन्नास डिग्री तापमान आहे. या उन्हात गरम पाणी? हेड ऑफिसला काय सांगू मी?"

"तुम्ही काय पिताय, तेच सांगा."

तो हसला. "माझी गोष्ट वेगळी. आणि गरमच हवं तर नळाला चटका बसेल असं पाणी येतं की गच्चीवरच्या टाकीतून! तेच प्यायला सांगा त्यांना."

मला त्या क्षणी त्याच्या हातातला तो कप त्याच्याच डोक्यावर ओतावासा वाटला. ते टाकीतलं पाणी आम्ही भांडी घासायलाही नाक मुरडून वापरतो. स्वतःच्या घशाचे एवढे लाड आणि दुसऱ्याच्या पोटाची ही थट्टा! हफिजाने रोज तगादा लावला. रोज एकच उत्तर, "सप्ताह होऊन जाऊ द्या, मग बघू." घरून ती दोन मोठे थर्मास भरून आणू लागली. एका बाईने वाहून आणलेलं पाणी किती जणांना पुरणार? आणि गाओ तर आपला वाटा पोरसवदा कामगारांना देऊन मोकळा व्हायचा.

सुट्टी संपली आणि गाओ कामावर गेला. दुसऱ्याच दिवशी सळ्यांच्या ढिगाशेजारी कोसळला. अंग भट्टीसारखं तापलेलं, शुद्ध हरपलेली. हफिजा ॲम्ब्युलन्समधून त्याच्याबरोबर कुवेत सिटीला गेली. जीव वाचला. किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं.

आणि आमच्या साहेबांनी हेड ऑफिसला काय कळवलं? 'वारंवार सूचना देऊनही कामगाराने पाणी प्यायले नाही.' हफिजाला हे कळलं तेव्हा ती ऑफिसच्या पॅन्ट्रीत शिरली. तिथे साहेबलोकांच्या चहासाठी मोठा बॉयलर होता. तिने प्लग काढला, पाणी ओतून दिलं आणि बॉयलर छातीशी धरून निघाली. मी दुसरी बाजू धरली. उंबऱ्यापाशी अभिजीत आडवा आला.

"सिस्टर, ही ऑफिसची वस्तू आहे!"

"मग पोलिसांना बोलवा. बॉयलर कोणासाठी नेतेय ते त्यांना मी सांगते."

तो बाजूला झाला. बॉयलर मेसच्या दारात लागला आणि संध्याकाळपर्यंत थर्मासांची रांग मैदानापर्यंत गेली. हफिजाला मेमो मिळाला, पण तिला काढायची कोणाची छाती झाली नाही. चिनी कामगार तिच्या नावाने काम थांबवतील, हे सगळ्यांना दिसत होतं.

ऑगस्ट सरता सरता हेड ऑफिसचे लोक कॅम्प पाहायला आले. तोवर तोच बॉयलर अभिजीतच्या बोलण्यात 'आमचा खास उपक्रम' झाला होता. त्याच्यावर रिबन लावली होती! कॅमेरेवाला उभा होता. नेमका त्याच सकाळी गाओ आपली बॅग न्यायला आला. पुढचं डायलिसिस गावी, रात्रीचं विमान. अंगाचा नुसता सांगाडा राहिलेला. बॉयलर बघितल्यावर त्याचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. त्याने थर्मासचं झाकण काढलं, तोटी उघडली, वाफाळतं पाणी झाकणात काठोकाठ घेतलं आणि तोंडाला लावणार, तोच हफिजाने त्याचा हात धरला.

"नाय चाचा. नाय."

डॉक्टरांनी त्याला दिवसाला मोजकंच पाणी बांधून दिलं होतं आणि सकाळच्या गोळ्यांबरोबर त्यातलं बरंचसं संपलं होतं. गाओने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. मग मान हलवली आणि झाकण तिच्या हाती दिलं.

"अहो सिस्टर, पिऊ द्या ना त्याला," अभिजीत कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला. "पितानाचा फोटो किती छान येईल!"

"तो आता पाणी पिऊ शकत नाही, सर," हफिजा म्हणाली. "पिऊ शकत होता तेव्हा तुम्ही दिलं नाहीत."

तिने झाकण अभिजीतच्या हातात ठेवलं आणि गाओची बॅग उचलून गाडीकडे चालायला लागली.