प्रश्न कापलेलं पुस्तक

सत्काराची साडी मी अजून घडी मोडून पाहिलेली नाही. रंग चांगला आहे, पदर भरगच्च आहे, आणि कपाटात ती दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ज्या कार्यक्रमात ती माझ्या हातात ठेवली, त्याच कार्यक्रमात माझ्या हातातलं काम काढून घेतलं. वर टाळ्या वाजवल्या. मी स्टेजवर हात जोडून उभी होते, कारण तिथं बाईने आणखी काय करायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्याकडे लातुरात एक निवृत्त शाळामास्तर होते. आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर आपल्या घराच्या गच्चीवर रविवारी सतरंजी टाकून बसू लागले. त्यांना महाराज म्हटलेलं खपत नसे. पाया पडायला कुणी वाकलं की पाय मागे घेत. सर म्हणा, म्हणायचे. माळ नाही, मंत्र नाही, गंडा नाही. थोडा वेळ गप्प बसा, मनात काय चाललंय ते नीट बघा, आणि जे अडतंय ते विचारा. एवढंच त्यांचं शिकवणं. एवढ्याशा शिकवण्यासाठी नांदेडपासून देवणीपर्यंतची माणसं एसटीने यायची.

आमच्या यजमानांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची हँडबिलं. कंपोझिंग आणि प्रुफं माझ्याकडे असायची. गच्चीवर मी पहिल्यांदा गेले ती कुणाच्या तरी बारशाची पत्रिका दाखवायला, आणि बसले ती बसलेच. मग सरांच्या शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायला मीच सुरुवात केली. दुपारी भांडी आवरली की कॅसेट लावायची, थांबवायची, मागे घ्यायची, उतरवून काढायची. खोकला, कुकर, खालून जाणारा भंगारवाला, सगळं त्यात असायचं. ते वगळायचं आणि माणूस काय बोलला ते ठेवायचं. पहिलं पुस्तक असं तयार झालं. त्याच्यानंतरची सगळीसुद्धा.

सरांनी मला एकच अट घातली होती. "अक्का, प्रश्नाबिगर उत्तर छापू नको. मी त्या माणसाला सांगितलेलं असतंय, समद्या गावाला न्हाई. एकाच्या नंबरचा चष्मा दुसऱ्याला घातला तर तो हिरीत पडंल की."

म्हणून माझ्या पुस्तकांत प्रश्न आधी, ठळक अक्षरांत, आणि खाली लहान टायपात विचारणाऱ्याचा पत्ता. नाव नाही, नुसतं गाव. एक शेतकरी, देवणी. एक बाई, औसा. ही पुस्तकं मी स्वतः गठ्ठे बांधून एसटीच्या मागच्या सीटवर टाकून हिंडवली. कंडक्टर लगेजवरून कटकट करायचे, मीही करायची. देवणीच्या बैलबाजाराच्या दिवशी झाडाखाली पोतं अंथरून बसले आहे. हदगावला कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसले आहे, दुकानदाराने हाकलेपर्यंत. आणि पुस्तकं कुणी घेतली? बायांनी. कितीतरी जणींना वाचता येत नव्हतं. त्या शेजारी टेकायच्या आणि म्हणायच्या, "सर काय म्हणले ते मागनं वाचा. आधी बाईनं काय इचारलं ते वाचा." आपल्यासारखं अडलेलं आणखी कुणीतरी आहे, हे ऐकायला त्या बसत. ते ऐकलं की पुढचं उत्तर त्यांना आपोआप कळे.

सर गेले. वर्ष सरायच्या आत ट्रस्ट झाला, ट्रस्टला समिती झाली, आणि समितीत सगळे पुरुष. पेन्शनर, दुकानदार, एक वकील. मला बैठकीला बोलावलं ते चहाच्या वेळी. नवं पुस्तक काढायचं ठरलं होतं, खिशात मावेल असं. रोज एक वचन, आणि तेच सकाळी फुलाच्या चित्रावर घालून सगळ्यांच्या मोबाइलवर. मी विचारलं, आणि प्रश्न? त्यावर नांदेडचे एक सभासद हसून म्हणाले, "ताई, लोकांना सरांचं अमृत पाहिजे. बायांच्या घरगुती कटकटी कशाला त्यात?"

मी भांडले. सरांची अट सांगितली. वकील म्हणाले, लेखी आहे का? गच्चीवर बसून बोलणाऱ्या माणसाची अट लेखी कुठून असणार. मग पुढच्याच महिन्यात माझा सत्कार झाला. ताईंनी खूप केलं, आता त्यांनी विश्रांती घ्यावी, असं भाषणात सांगितलं गेलं. इतकी वर्षं मी दमले आहे असं कुणाला वाटलं नव्हतं, ते नेमकं तेव्हाच वाटलं.

इथवरचा राग मी गिळला असता. संस्था अशाच असतात म्हणून गप्प बसले असते. पण माझी भाची त्या समितीतल्याच एका घरात दिलेली होती.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ हदगावला शेती करतो. स्थळ सत्संगातूनच आलं. लोकांना अमृत पाहिजे म्हणणारे नांदेडचे ते सभासद, त्यांचाच मुलगा. बियाण्यांचं दुकान, स्वतःचं घर, दारू नाही, मटण नाही. भावाला तर आकाश ठेंगणं झालं. मलाही बरं वाटलं होतं.

ती माझ्याकडे लातूरला आली ती एका सकाळी, हातात पिशवी नाही, पायात घरातल्या चपला. पाठ दाखवली. मी काय पाहिलं ते इथं लिहीत नाही. "पट्टा," एवढंच ती म्हणाली. "आधी गप बसतेत अर्धा तास, डोळे मिटून. मग उठून मारतेत. मन शांत झाल्यावर मारलं की राग नसतोय म्हणे त्यात."

हे वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकू येतं, मागे घेऊन लावलेल्या कॅसेटसारखं.

भावाला फोन केला. तो आला, पण कसा आला, तर समजूत घालायला. लग्नाला अजून दोन वर्षं नाहीत, लोक काय म्हणतील, व्याही मोठा माणूस आहे, बसून बोलू. आम्ही तिघं नांदेडला गेलो. व्याह्यांनी दारात येऊन स्वागत केलं, पाणी दिलं, पोहे आले. जावई समोर बसला होता, केस व्यवस्थित विंचरलेले. आरडाओरडा झाला असता तर मला सोपं गेलं असतं. पण त्या घरात सगळं हळू आवाजात चालतं.

व्याह्यांनी खिशातून ते छोटं पुस्तक काढलं. खूण घालून ठेवलेलं पान उघडलं आणि चष्मा लावून वाचलं. "दुखणं आलं की पळू नको. त्याच्यापशी बस. जिथं पळशील तिथं ते संगं येईल." पुस्तक मिटलं आणि माझ्या भावाकडे पाहून म्हणाले, "पाव्हणं, हे काय मी म्हणून न्हाई राहिलो. सरांचं वचन हाय. लेकरानं रागाच्या भरात दोन दिले असतील, मी त्याला समजावतो. पण पोरीनं असं पळून जायचं का?"

आणि माझ्या भावाने मान डोलावली. माझ्या सख्ख्या भावाने, लेकीची पाठ पाहून आलेल्या माणसाने. "सरांनीच म्हणलंय म्हणल्यावर," तो म्हणाला, "मी काय बोलू? ऱ्हा बाई इथंच. मी येत जाईन अधनंमधनं."

तो तिला तिथंच सोडून निघणार होता. बसल्या जागी ठरून गेलं होतं, पोहे संपायच्या आधी.

ते उत्तर मीच कॅसेटवरून उतरवलं होतं. ते कुणाला दिलेलं, कशावर दिलेलं, मला तोंडपाठ आहे. मी म्हटलं, हे अर्धं आहे. व्याही म्हणाले, समितीने तपासलेलं आहे. मी म्हटलं, पहिलं पुस्तक आणा. ते तुमच्या घरात आहे, मीच दिलंय.

पुस्तक होतं. देवघरात, लाल कापडात बांधून, सरांच्या फोटोपुढे, वर झेंडूचं फूल. पाया पडू न देणाऱ्या माणसाचं पुस्तक. व्याही म्हणाले, "ते पूजेतलं हाय ताई. त्याची गाठ सोडीत नसतात."

भाची उठली. "रोज मीच पुसते ते," म्हणाली, आणि ते आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मुखपृष्ठावर हळदीकुंकवाचा थर बसला होता. उघडलं तर सुरुवातीचीच दोन पानं छापखान्यात कापायची राहिली होती, ती कडेला तशीच जोडलेली. इतक्या वर्षांत त्या घरात ते पुस्तक एकदाही उघडलेलं नव्हतं. रोज नमस्कार मात्र चुकला नव्हता. मला इतका संताप आला की पान सापडेना. बोटाने फाडतच पुढे गेले.

मग मोठ्याने वाचलं. एक बाई, औसा. सर, मांडी घालून बसलं की माझा गुडघा लई दुखतो, ध्यान लागत न्हाई, काय करू? आणि खाली उत्तर. दुखणं आलं की पळू नको. त्याच्यापशी बस. जिथं पळशील तिथं ते संगं येईल. अन् लईच दुखायलं तर खुर्ची घे की बाई, जमिनीलाच कशाला चिटकून बसतीस.

गुडघा. एका बाईचा गुडघा होता तो. समितीने गुडघा काढला, खुर्ची काढली, आणि उरलेलं माझ्या भाचीच्या पाठीवर ठेवलं.

मी पान उलटून पुढचंही वाचलं, कारण त्या औशाच्या बाईने त्या दिवशी आणखी एक प्रश्न विचारला होता. लोक खुर्चीच्या उत्तरावर हसत असताना ती हळूच म्हणाली होती, आणि घरी मारतेत ते? सरांनी हसणाऱ्यांना हाताने थांबवलं. मग म्हणाले, ते माझ्याकडं न्हाई. मार खाऊन कुणाचं मन शांत झालेलं मी बघितलं न्हाई. माहेरी कोण हाय तुझ्या? बाप हाय? त्याला म्हणावं, येऊन घेऊन जा. न्हाई आला तर मला सांग, मी येतो.

हे नव्या पुस्तकात नाही. बाप हाय का, हे फुलाच्या चित्रावर कसं घालणार?

व्याही म्हणाले, जुनी आवृत्ती ट्रस्टने आता मागं घेतलीय. जावई उठून आत गेला. माझा भाऊ खाली बघत होता. मग त्याने हातातली पोह्याची ताटली खाली ठेवली, टोपी नीट केली आणि लेकीला म्हणाला, "चल. सामान घे तुझं."

मला वाटलं, जिंकलो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला, आणि तो आनंद माझ्या पुस्तकाचा होता. कॅसेटी, गठ्ठे, बैलबाजार, कंडक्टरची कटकट, सगळं फिटलं असं वाटलं. गाडीत बसल्यावर मी बोलतच सुटले. समितीला कसं उघडं पाडते बघा, ती पहिली आवृत्ती स्वतःच्या पैशाने पुन्हा छापते, घरोघर वाटते. भाऊही हो हो म्हणत होता. "अक्का, तू ते वाचलंस म्हणून बरं झालं. मला खरंच वाटलं, सरांनी तसंच सांगितलंय."

भाची मागे बसली होती, पाठ सीटला न टेकवता. नांदेड मागे पडलं. मग ती म्हणाली, "अप्पा, एक इचारू?"

"इचार की."

"आत्याच्या पुस्तकात त्ये दुसरं नसतं तर?"

भाऊ खिडकीची काच खाली करू लागला.

"औशाच्या बाईनं इचारलंच नसतं तर तुम्ही मला तिथंच ठिवून आला असता. माझी पाठ बघितली तुम्ही. आत्यानं वाचल्यावर मग उठलात."

मी तोंड उघडलं. तिची बाजू घ्यायला, भावाला झापायला, जे येतं ते बोलायला. पण ती माझ्याकडेही बघत होती, त्याच नजरेने. पाठ मीही पाहिली होती, आणि बसून बोलायला तिला नांदेडला मीही घेऊन गेले होते.