बदलीवर निघालेले मासे

हिंगोलीत माझं फिशटँकचं दुकान आहे, पण मासे विकण्यापेक्षा ते हलवण्यातच माझे दिवस जातात. कुणाची बदली होते, कुणी नवं घर बांधतं, आणि सामानाचा ट्रक भरून झाला की टाकीकडे बघून मला फोन करतं. किस्से जमत जातात ते असे. काचेवर शेवाळ धरतं तसे, आपण काही न करता. ऐकणारे हसतात. मी मात्र सांगतानाही घाबरतो. कारण मासा प्रवासात सहसा मरत नाही, तो तिसऱ्या दिवशी मरतो. तिसऱ्या दिवशी फोन वाजला की आधी मी देवाचं नाव घेतो, मग "हॅलो" म्हणतो.

*

बँकेतल्या एका साहेबांचं बिऱ्हाड कळमनुरीहून हिंगोलीला आणलं. मॅडम फार टापटिपीच्या. नव्या कॉलनीत लोक काय म्हणतील, म्हणून त्यांनी फिल्टरचा स्पंज आणि तळाचे खडे भांड्यांच्या साबणानं घासून गच्चीवर वाळवणासारखे पसरले होते. चमकणारी टाकी बघून मी बोटांवर तीन दिवस मोजले. त्या स्पंजातल्या घाणीतच पाणी चांगलं ठेवणारे जंतू असतात. ते गेले की मासेही जातात.

तिसऱ्या दिवशी फोन आलाच. मासे वर येऊन तोंड वासत होते. दुकानातल्या टाकीतला सहा महिने न धुतलेला स्पंज पिशवीत घालून मी पळालो.

मॅडमनी नाकाला पदर लावला. "अहो, ही घाण आमच्या टाकीत घालून राहिले तुमी?"

"मॅडम, ही मी कुणालाबी देत न्हाई," मी म्हणालो. "तुमी घरचे म्हणून आणली."

मासे वाचले. मॅडम अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

*

टेम्पो रफिकभाईंचा. टाकी मागे असली की ते गाडी चालवत नाहीत, ढकलत नेल्यासारखी नेतात. एकदा आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर एका बैलगाडीनं आम्हाला मागं टाकलं. गाडीवानबाबांनी वळून विचारलं, "काहून इतकं हळू? आत बाळंतीण हाय का?"

रफिकभाईंनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "एक नही चाचा, अठरा हैं. सबके दिन भर गए."

खरंच होतं ते. पिशव्यांमध्ये गप्पी माशांच्या अठरा माद्या होत्या, सगळ्या पोटुशा. बाळापूर येईपर्यंत दोघी मोकळ्या झाल्या.

*

शिरड शहापूरला शाळेतल्या एका गुरुजींचे मासे पोचवले. काढण्याआधी टाकीत बारा मोजले होते, पोचल्यावर अकराच भरले. काच चाटणारा तो काळा सकर मासा गायब. गुरुजींच्या सौ. म्हणाल्या, "सापडंस्तोर चहा मिळणार न्हाई." आम्ही टेम्पो झाडला, बादल्या पालथ्या केल्या. मनातल्या मनात मी त्याला श्रद्धांजलीही वाहिली.

दोन तासांनी सौ.नी टाकीतला शोभेचा किल्ला, मी गुंडाळून आणलेल्या ओल्या टॉवेलमधून सोडला. सकर आत बुरुजाला चिकटून बसला होता, जिवंत. या जातीला ओलावा मिळाला की काही तास पाण्याशिवायही निभावतं. आम्हाला चहा मिळाला, पण गुरुजी कपबशी देताना म्हणाले, "किल्लेदार तुमच्यापरीस हुशार हाय."

*

मी स्वतः घर बदललं तेव्हाचं बायको अजून चारचौघांत सांगते. तीन दिवस मी दर तासाला दुकानातून घरी येऊन टाकीत डोकावत होतो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पोरीच्या बारावीच्या निकालाला तुमी दुपारी झोपले होते."

*

आणि हे औंढ्याचं. तिथे देवळात सेवेला असलेल्या काकांनी नवं घर बांधलं. त्यांच्याकडे आठ वर्षांचा ऑस्कर जातीचा मासा, वीतभर लांब. काकी त्याला हातानं भरवायच्या. टाकी मी आदल्या दिवशीच नव्या घरात बसवून, पाणी भरून ठेवली होती. वास्तुशांतीच्या दिवशी मासा आणला, तर काकांनी दारातच अडवलं. "सामानाचं चालतं, जिवाचं न्हाई. आधी गाय-वासरू, मग कलश, मग बाकीचे."

मुहूर्त साडेदहाचा. मासा बादलीत, बादली मांडवात, तिच्यात सेलवर चालणारा हवेचा पंप. सव्वादहाला गाय आणली. तिनं पहिल्या पायरीवर खूर ठेवला आणि थांबली. गूळ दाखवला, पोळी दाखवली, वासराला वर नेलं. ती ढिम्म. साडेअकराला माझा पंप बंद पडला. रफिकभाई सेल आणायला गेले, पण सोमवार होता, देवळाकडचा रस्ता गच्च, ते तिकडेच अडकले.

वैशाखाचं ऊन. पाणी कोमट होत चाललेलं. हवा मिसळावी म्हणून मी पेल्यानं पाणी उचलून वरून ओतत बसलो. ऑस्करचे कल्ले भराभर हलत होते, मग हळू झाले, मग तो कलायला लागला. "काका, हा जाईल हो," मी म्हणालो. "पाच मिनिटं न्हाई काढायचा."

काका रडवेले झाले. त्यांनाही तो प्यारा होता. पण आयुष्यभर दुसऱ्यांना रीत सांगितलेला माणूस, आपल्याच दारात ती कशी मोडणार? ते पूजा सांगणाऱ्या गुरुजींकडे बघायला लागले, गुरुजी पोथीकडे, आणि सगळे मिळून गाईकडे.

काकी कलश हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कलश सुनेच्या हातात दिला आणि माझ्यासमोरची बादली उचलली.

"अगं, आधी गाय," काका म्हणाले.

"गुरुजी," काकींनी विचारलं, "देवानं पयला अवतार कशाचा घेतला?"

गुरुजींनी पोथी मिटली, मुठीतल्या अक्षता बादलीवर टाकल्या आणि बाजूला सरकले.

काकी उंबरठा ओलांडून आत गेल्या. टाकीत सोडल्यावर ऑस्कर एका कुशीवर तळाशी गेला, आणि काकींनी पाण्यात हात घालून बोट हलवलं तेव्हा सावकाश सरळ होऊन त्यांच्या बोटापाशी आला. मी तिथेच फरशीवर बसलो.

मागे खूर वाजले. गाय आपली आपण पायऱ्या चढून दारात आली होती.